सोळा ध्वनिफितींचा म्हातारा : ‘लेनी’चे परीक्षण

गेल्या दिवाळीनंतर माझ्या वडिलांना एक फोन आला. त्यांच्या आधार क्रमांकावर घेतलेल्या सिमकार्डावरून गैरव्यवहार झाला असून त्यांच्या नावाने अटक वॉरंट निघाले आहे, असे सांगून समोरच्याने त्यांना व्हिडिओ कॉलवर यायला लावले. पडद्यावर खाकी वर्दीतला माणूस दिसला. त्याच्या मागे भिंतीवर कॅलेंडर होते आणि त्याचे पान दोन महिने मागचे होते. ज्यांनी नोकरीची तीस वर्षे कार्यालयात पाऊल टाकताच आधी तारीख बदलली, त्या बाबांच्या नजरेतून ते सुटले नाही. तरीही त्यांनी फोन ठेवला नाही. “साहेब, चष्मा शोधतो,” “साहेब, पासबुक वरच्या कपाटात आहे,” असे करत त्यांनी त्या तोतयाला पंचवीस मिनिटे ताटकळत ठेवले. आम्हाला हे सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता. परंतु त्या रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही, आणि पुढचे आठ दिवस दाराची बेल वाजली की ते दचकून उठत. भामट्यांचा वेळ खाणे हे पुण्याचेच काम आहे, पण ते घरच्या माणसाने अंगावर घेऊ नये, यंत्रावर सोपवावे, हे माझे मत तेव्हा पक्के झाले. अशा यंत्रांची माहिती काढताना मला लेनी सापडला आणि त्याच्या फोनांची ध्वनिमुद्रणे मी पुढचे काही आठवडे रोज ऐकत राहिलो.

लेनी म्हणजे थकलेल्या, प्रेमळ ऑस्ट्रेलियन आजोबांच्या आवाजातल्या सोळा ध्वनिफिती. त्याला बुद्धी नाही आणि समोरचा काय बोलतो हे त्याला कळतही नाही. नको असलेला फोन त्याच्याकडे वळवायचा; समोरचा बोलायचा थांबला की पुढची फीत वाजते, एवढीच त्याची यंत्रणा. पहिल्या चार फिती एकदाच वाजतात आणि उरलेल्या बारा चक्राकार फिरत राहतात. आधी तो म्हणतो की नीट ऐकू येत नाही. मग ‘हो, हो, हो’ असा होकार भरतो, मागच्या आठवड्यात फोन केला होता ते तुम्हीच का असे विचारतो, आणि मग लॅरिसा नावाच्या मुलीच्या शिक्षणाचे कौतुक सांगू लागतो. मध्येच ‘जरा थांबा हं’ म्हणून तो बाजूला होतो आणि मागे बदकांचा कलकलाट ऐकू येतो. एका मुद्रणात विक्रेता त्या कलकलाटातही आपली योजना समजावत राहतो, बदके शांत झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो, आणि लेनी पुन्हा त्याचे नाव विचारतो.

या साध्या रचनेचे सामर्थ्य कशात आहे, ते मुद्रणे ऐकताना हळूहळू लक्षात येते. लेनीचे कोणतेही वाक्य कोणत्याही प्रश्नाला पूर्णपणे विसंगत वाटत नाही, कारण म्हातारा माणूस विषय सोडून बोलतो, हे आपण सगळेच गृहीत धरतो. शिवाय ‘ऐकू आले नाही’ असे म्हटले की पुन्हा सांगण्याची जबाबदारी आपोआप समोरच्यावर पडते. ज्या भोळेपणावर डोळा ठेवून भामटे वृद्धांना फोन लावतात, तोच भोळेपणा इथे त्यांना खिळवून ठेवतो. २०१७ साली काही संशोधकांनी लेनीच्या २०० फोनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका फोनाची सरासरी लांबी दहा मिनिटांहून थोडी अधिक भरली, ७२ टक्के फोनांत तीच वाक्ये एकाहून अधिक वेळा वाजली, आणि समोर यंत्र आहे हे उघडपणे ओळखणारे जेमतेम ५ टक्के निघाले. तेवढा वेळ फोन करणारा दुसऱ्या कोणाच्या आईवडिलांना फोन लावू शकत नाही, आणि माझ्या लेखी लेनीची खरी किंमत हीच आहे.

ब्रिटनमधल्या ओटू या मोबाइल सेवा कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुढे आणलेली ‘डेझी’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी आजी त्याच वाटेने पुढे गेली आहे. ती समोरच्याचे बोलणे समजून घेऊन उत्तर देते, विणकामाच्या आणि मांजराच्या गप्पा मारते, आणि काही भामट्यांना तिने चाळीस मिनिटांपर्यंत गुंतवून ठेवले असे कंपनी सांगते. भामटे वापरतात त्या क्रमांकांच्या याद्यांमध्ये तिचा क्रमांक मुद्दाम पेरला गेला, ही कल्पना मला फार आवडली. मात्र सामान्य ग्राहकाला आपला फोन तिच्याकडे वळवता येत नाही, म्हणून ग्राहकाच्या सोयीच्या दृष्टीने मी लेनीलाच झुकते माप देईन; तो निदान स्वतःच्या सर्व्हरवर बसवून घेता येतो.

परंतु हे बसवणे संगणकात मुरलेल्या माणसाचे काम आहे, आणि आपल्याकडच्या घरासाठी लेनीच्या मर्यादा त्याहून मोठ्या आहेत. तो फक्त इंग्रजी बोलतो आणि बाबांना आलेला फोन हिंदीत होता. तो आवाजापुरता आहे, तर ‘डिजिटल अरेस्ट’चा, म्हणजे फोनवरूनच अटकेची भीती घालून पैसे उकळण्याचा, सगळा खेळ व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर, वर्दी आणि शिक्का दाखवून चालतो. अशी अटक आपल्या कायद्यात मुळी अस्तित्वातच नाही, हे ज्या माणसाला ठाऊक नसते, त्याचा फोन लेनीपर्यंत पोहोचणारच नाही. कोणीतरी मराठी आणि हिंदीतला लेनी मनापासून घडवायला हवा. ‘जरा मोठ्याने बोला, कुकरची शिट्टी होतेय’ किंवा ‘तुम्ही आमच्या जोशींचे जावई ना?’ अशी वाक्ये आपल्या घराघरांत तयारच आहेत.

कल्पनेसाठी मी लेनीला पाचपैकी साडेचार तारे देईन, आणि मराठी घरातल्या उपयोगासाठी दीड. तोवर आमच्या घरी ठरले आहे ते असे : असा फोन आला की बाबांनी एक शब्दही न बोलता तो ठेवायचा, आणि मी त्याच दिवशी तो क्रमांक ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ या तक्रार-सुविधेत नोंदवायचा. पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर फोन करायचा. हा क्रमांक बाबांनी स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहून कॅलेंडरच्या शेजारी लावला आहे.