घरच्या इंटरनेटला राउटरऐवजी स्विच चालेल का?

पाच पोर्टचा साधा स्विच फक्त मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) पाहून डेटा योग्य पोर्टवर पाठवतो. आयपी पत्ते (नेटवर्कवरचे पत्ते) वाटणं, पीपीपीओई लॉगिन (इंटरनेट कंपनीकडे युजरनेम-पासवर्डने जोडणं), नॅट (एकच पत्ता अनेक उपकरणांत वापरणं), फायरवॉल (बाहेरून येणारं नको ते अडवणं) ही कामं राउटरची.

त्यामुळे ब्रिज मोडमधल्या (म्हणजे स्वतः राउटिंग न करता सिग्नल नुसता पुढे देणाऱ्या) फायबर मोडेमची केबल थेट स्विचमध्ये लावली, तर बहुधा एकाच उपकरणाला इंटरनेट मिळतं, कारण कंपनी सहसा एकच पत्ता देते. बाकीचे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता (कुणी पत्ता न दिल्यावर उपकरण स्वतःच घेतं तो) घेऊन अडकतात. शिवाय इंटरनेट मिळालेला संगणक बाहेरच्या जगासमोर उघडा पडतो. माझ्या मते हा धोका बंद इंटरनेटपेक्षा मोठा. महागडा लेयर ३ स्विच (आयपी पत्तेही पाहणारा) व्हीलॅनच्या, म्हणजे एकाच नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागांच्या, दरम्यान राउटिंग करतो, पण नॅट बहुतेकांत नसतं.

मोडेम स्वतःच राउटिंग करत असेल (अनेक घरी तसंच असतं), तर मात्र स्विच बिनधास्त जोडा.

वेगळा राउटर असेल तर मोडेम त्याच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टला, आणि लॅन (घरातल्या नेटवर्कच्या) पोर्टमधून एक कॅट ५ई केबल स्विचला. १०० मीटरपर्यंत गिगाबिट मिळतो. एकाच केबलची दोन्ही टोकं स्विचमध्ये घालू नका, लूप होऊन सगळं नेटवर्क ठप्प होतं.