टीव्ही रेकॉर्ड करणारा कॉम्प्युटर: आठ महिन्यांनंतर, मुख्यतः आवाजाबद्दल

चित्राबद्दल माझी तक्रार नाही, ते पहिल्या दिवसापासून स्वच्छ येतंय. आठ महिन्यांत जो वेळ गेला तो आवाजापायी.

जुना डेस्कटॉप, त्यावर लिनक्स आणि मिथटीव्ही (टीव्ही रेकॉर्ड करणारा प्रोग्राम), आत चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं साधं ॲनालॉग कॅप्चर कार्ड. सेट-टॉप बॉक्समधून चित्र कार्डात, आणि आवाज वेगळ्या केबलने मदरबोर्डच्या निळ्या लाइन-इन जॅकमध्ये. सुरुवातीला मी हीच केबल गुलाबी माइकच्या जॅकला लावली होती. आवाज फाटका आणि एकाच चॅनेलचा. माइकच्या जॅकला काही मिलिव्होल्टची अपेक्षा असते, बॉक्समधून येतो तो सिग्नल त्याच्या कितीतरी पट मोठा.

निळ्या जॅकला लावल्यावर स्पीकरवर सगळं छान ऐकू येई, रेकॉर्डिंग मात्र मुकं. दोन संध्याकाळी मी मिथटीव्हीच्या सेटिंगमध्ये शोधत बसलो, आणि दोष तिथे नव्हताच. लाइन-इनचा आवाज स्पीकरला जाणं आणि तो रेकॉर्डिंगसाठी घेतला जाणं, या साउंड कार्डाच्या मिक्सरमधल्या (आवाजाच्या वाटा आणि पातळ्या ठरवणाऱ्या भागातल्या) दोन वेगळ्या वाटा आहेत. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (लिनक्समधला मिक्सरचा प्रोग्राम) उघडून एफ४ दाबलं, ‘लाइन’वर जाऊन स्पेसबारने ‘कॅप्चर’ चालू केलं, आणि झालं. रीबूटनंतर सेटिंग टिकावी म्हणून ‘alsactl store’ ही कमांड देऊन ठेवा.

तेव्हापासून माझा नियम एकच: आधी ‘एरेकॉर्ड’ (arecord) या कमांडने दहा सेकंद रेकॉर्ड करून ऐकायचं. तिथे आवाज आला तर केबल, जॅक, मिक्सर यांत दोष नाही. पुढचा शोध रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये. ‘डिव्हाइस बिझी’ असं उत्तर आलं तर बहुधा पल्सऑडिओ (लिनक्समध्ये आवाज हाताळणारा प्रोग्राम) साउंड कार्ड धरून बसलेला असतो.

तिसऱ्या महिन्यात मी यूएसबी वेबकॅम लावला आणि पुन्हा शांतता. त्यात माइक असतो, त्यामुळे बूट होताना साउंड कार्डांचे क्रमांक बदलले आणि रेकॉर्डिंग वेबकॅमकडून व्हायला लागलं. सेटिंगमध्ये क्रमांकाऐवजी कार्डाचं नाव लिहिलं, त्यानंतर हा त्रास परतला नाही.

गुणगुण वेगळीच. वीजपुरवठ्याच्या ५० किंवा ६० हर्ट्झची ती घरघर शांत प्रसंगात फार टोचते. टीव्हीची कोॲक्स केबल काढली की बंद, लावली की सुरू, म्हणजे ग्राउंड लूप (दोन उपकरणं एकाहून जास्त वाटांनी जमिनीला जोडली जाणं). ऑडिओ केबलमध्ये तारांची थेट जोडणी तोडून फक्त आवाज पुढे नेणारा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला. कॉम्प्युटरचं अर्थिंग तोडण्याचा सल्ला कोणी दिला तर कृपा करून ऐकू नका, ते जिवावर बेतू शकतं.

एक गोष्ट मात्र या मांडणीत मला शेवटपर्यंत सुटली नाही: ओठ आणि आवाज यांचं हळूहळू फाटत जाणं. चित्र एका घड्याळावर चालतं, आवाज साउंड कार्डाच्या दुसऱ्या. दोघांत दशलक्षात फक्त १०० चा फरक असला तरी तासाला ०.३६ सेकंद, म्हणजे तीन तासांच्या सामन्यात सेकंदभर. सुरुवातीला ठरावीक विलंब देऊन हे जात नाही, कारण फरक वाढत असतो. सहाव्या महिन्यात मी चित्र आणि आवाज दोन्ही स्वतःच एमपेग-२ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये एकत्र एन्कोड करणारं कार्ड घेतलं. नव्याने जमवणाऱ्याने थेट तेच घ्यावं, असं मी आग्रहाने सांगेन. फक्त कार्डाच्या ट्यूनरवरून एस-व्हिडिओ (चित्राची वेगळी केबल) इनपुटवर जाताना त्याचं ऑडिओ इनपुटही बदलायला विसरू नका.

जुनं कार्ड आणि लाइन-इनची केबल अजून लावलेली आहे. घरच्या व्हीएचएस टेप उतरवायला ती वापरतो. दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत तो फरक डोळ्यांना दिसत नाही.