अडीच गिगाबिट की थेट दहा?

भाचा अडलाय: घरातल्या नेटवर्कचा वेग सेकंदाला १ गिगाबिटवरून वाढवायला २.५ चा यूएसबी अडॅप्टर घ्यावा की कॉम्प्युटरच्या आत बसणारं १० चं नेटवर्क कार्ड?

आधी भिंतीतली केबल बघ. तिच्यावर कॅट ५ई (हा केबलचा दर्जा) छापलेलं असेल तर २.५ गिगाबिट १०० मीटरपर्यंत बिनघोर चालतं. १० ला तेवढ्या अंतरासाठी कॅट ६ए लागते, म्हणजे नवी केबल ओढणं आलं. शिवाय ते कार्ड चांगलंच तापतं. अडॅप्टर मात्र यूएसबी ३ च्याच पोर्टात लाव. २ च्या पोर्टात तो १ गिगाबिटही गाठणार नाही. घरातल्या केबल एकत्र जोडणारा १ गिगाबिटचा नेटवर्क स्विच मात्र २.५ घे की १०, बदलावाच लागेल.

साध्या हार्ड डिस्कवरच्या फायलींना २.५ पुरेसं. नेटवर्कवरच्या एसएसडीवर (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) रोज व्हिडिओ एडिट करणार असशील, तरच १०.