पहिली गाडी: आय-ट्वेंटी एन लाइन की वॅगन आर?
भाच्याला लायसन्स मिळून जेमतेम महिना झाला आणि स्वारी हटून बसली, ‘मामा, घेतली तर एन लाइनच!’

गंमत म्हणजे वॅगन आरच्या छोट्या इंजिनासारखंच एन लाइनचं इंजिनही ९९८ सीसीचं. पण टर्बोमुळे, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यामुळे, ताकद १२० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप), वॅगन आरची ६७ च्या आसपास. नाशिकच्या रविवार कारंजावर रिक्षांच्या गराड्यात रांगताना हा फरक शून्य. तिथे उपयोगी पडते वॅगन आरची उंच सीट. कसारा घाटात ट्रकला मागे टाकताना टर्बो हवाहवासा वाटतो, कबूल. पण तो आधी जरा थबकतो, मग एकदम ढकलतो. नवशिक्याचा पाय नेमका तिथेच फसतो. सीसी सारखी, म्हणून थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीच्या) विम्याचा गट एकच, मात्र स्वतःच्या नुकसानीचा हप्ता किमतीनुसार वाढतो.

माझं मत वॅगन आरला. परवाच भाच्याने सोसायटीच्या खांबाला माझी गाडी घासली. बंपर अजून लोंबतोय.