"रेकॉर्ड क्लीन करून देतो" म्हणणाऱ्या एजंटपासून सावध राहा (कोल्हापूर)

भाच्याच्या बाबतीत घडलंय, म्हणून लिहितोय. उजळाईवाडी विमानतळावर कॉन्ट्रॅक्टरकडं लोडरचं काम मिळत होतं त्याला. आत जायला जो एन्ट्री पास लागतो ना, त्याच्याआधी पोलिसांकडून माणसाची चौकशी होते. आणि पोरावर जुनी केस होती, गणपती मिरवणुकीत दोन मंडळांची हाणामारी, कलमं १४३, १४७, ३२३ (बेकायदा जमाव, दंगा, मारहाण), कोल्हापुरात अशी केस नसलेलं तालमीतलं पोरगं दाखवा मला! त्यात तो निर्दोष सुटलाय, निकाल लागून पण बरेच दिवस झाले.

पण घरात भीती बसली. दसरा चौकात चहाच्या गाड्यावर कुणीतरी एक एजंट गाठून दिला. गोड बोलणारा, खिशाला दोन पेनं, फोनमध्ये साहेबांबरोबरचे फोटो. माझ्या बहिणीला म्हणाला, "ताई, पोराचं नावच सिस्टिममधनं उडवतो, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला निरंक येणार, फक्त फॉर्मात केस आहे का विचारलंय तिथं 'नाही' लिहा." १८ हजार घेतले, ते पण भलत्याच बाईच्या नावच्या यूपीआयवर, रोख नको म्हणाला म्हणून घरच्यांना वाटलं माणूस सरळ आहे.

थोड्या दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर दाखल्याची पीडीएफ आली, शिक्का, सही, क्यूआर कोड सगळं झकास. कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसातल्या मॅडमनी कोड स्कॅन केला तर काहीच उघडेना, अर्ज नंबर टाकला तर तो दुसऱ्याच कुणाचा तरी. एजंटचा फोन बंद.

आता खरा राग कशाचा येतो ऐका. दाखल्याचा अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या साईटवर स्वतःला करता येतो, फी पण किरकोळ. आणि नाव उडवतो ही तर शुद्ध थाप, सीसीटीएनएस म्हणजे पोलीस ठाणी जोडणाऱ्या कॉम्प्युटर यंत्रणेमुळं एका ठाण्यातली एफआयआर दुसरीकडं बसून दिसते, चहाच्या गाड्यावरचा माणूस ती काय पुसणार? वकिलांनी सांगितलं की सुटलेल्या केसपेक्षा लपवलेली केस जास्त नडते. २०१६ ला सुप्रीम कोर्टानं अवतार सिंग खटल्यात हेच बघितलंय, माहिती खरीच द्यायची, आणि खरी दिल्यावर पण घ्यायचं की नाही ते मालक ठरवणार, पण लपवलेलं सापडलं तर लागलेली नोकरी सुद्धा जाऊ शकते. म्हणजे त्या भामट्यानं पैसे तर खाल्लेच, वर पोराकडनं खोटं लिहून घेतलं, आणि बनावट दाखला खरा म्हणून दिला तर तो गुन्हा परत वेगळाच.

ज्यांची अशी जुनी केस आहे त्यांनी कसबा बावड्याच्या कोर्टात नक्कल अर्ज टाकून निकालाची सही-शिक्क्याची प्रत काढा, फॉर्मात केस नंबर आणि निकाल सरळ लिहा, आणि प्रत जोडा. केस अजून चालू असेल तर आधी वकिलाला विचारा, ते प्रकरण वेगळं असतंय.

आम्ही १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन करून तक्रार नोंदवली, ठाण्यात पण अर्ज दिलाय, पेमेंटचे स्क्रीनशॉट, चॅट, पीडीएफ सगळं जोडून. चॅट डिलीट करू नका, बहिणीनं रागानं करायला घेतलं होतं, थोडक्यात वाचलं. पैसे अजून आलेले नाहीत. भाच्यानं कॉन्ट्रॅक्टरला निकालाची नक्कल देऊन खरं काय ते सांगितलंय, तो बघतो म्हणालाय, बघू काय होतंय. याच पद्धतीनं अजून कुणाचे गेले असतील तर लाजू नका, तुम्ही पण अर्ज द्या.