खिम्याचे गोळे, पण मैदा-कॉर्नफ्लोअरशिवाय: चिकन, सुंगटे की पोर्क?

आशियाई धाटणीचे मीटबॉल घरी करायचे आणि कर्बोदके कमी ठेवायची, असे ठरले की बहुतेक जण आधी मांसावर अडतात. वास्तविक चिकन, डुकराचे मांस आणि सुंगटे (कोळंबी) या तिन्हींत कर्बोदके नावापुरतीच असतात. ती येतात गोळा बांधायच्या पिठातून आणि वरच्या सॉसमधून. अर्धा किलो खिम्यात पन्नास ग्रॅम ब्रेडक्रम्स घातले की सुमारे 35 ग्रॅम कर्बोदके आली. दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर म्हणजे आणखी 14 ग्रॅम. गोड चिली सॉसच्या दोन चमच्यांत 15 ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त. म्हणून मांस आवडीने आणि सोयीने निवडा. जपायचे ते पीठ आणि सॉसच्या बाबतीत.

तरी मांसाचे आधी बोलू, कारण बाजारात जायचे आहे. चवीत पोर्क सगळ्यात पुढे. त्यातल्या चरबीमुळे गोळा कोरडा पडत नाही, आणि चिनी पद्धतीचे मोठे, मऊ गोळे मुळात पोर्कचेच. म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात खांद्याचा भाग मागा, पाव हिस्सा चरबी राहू द्या आणि खिमा समोर करून घ्या. पण आपल्याकडे कित्येक हिंदू घरांत पोर्क चुलीवर चढत नाही. तिथे प्रश्नच मिटला: चिकन. फक्त छातीचे मांस घेऊ नका. त्यात चरबी इतकी कमी की पीठ नसलेला गोळा हमखास चिवट होतो. बोनलेस मांडी घ्या, खिमा जाडसर ठेवा.

सुंगटांची गोष्ट वेगळी. ती स्वतःच चिकट. मिठाबरोबर ठेचली की दुसरे काही बांधायला लागत नाही, आणि चावताना जो करकरीत लवचीकपणा येतो तो चिकनला कधीच यायचा नाही. अडचण हंगामाची: 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते, तेव्हा ताजी सुंगटे कमी आणि महाग. एरवीही नुसत्या सुंगटांचे गोळे खर्चिकच पडतात. माझे मत विचाराल तर तीन वाटे चिकनची मांडी आणि एक वाटा सुंगटे. सुंगटे बांधतात, मांडी रस देते, आणि खिसाही फार हलका होत नाही.

आता पिठाचा मुद्दा. यावर जरा थांबायला हवे, कारण बहुतेक गोळे इथेच फुटतात.

ब्रेडक्रम्स गोळा बांधतात असे आपण धरून चालतो. ते मुख्यतः करतात ते ओलावा धरून ठेवण्याचे काम. बांधणी होते मिठाने. मीठ घालून खिमा मळला की मांसातली प्रथिने सुटून वर येतात आणि एकमेकांना धरतात. अर्धा किलो खिम्याला सपाट चमचाभर मीठ, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम, आणि मोठा चमचाभर सोया सॉस घाला. खिमा फ्रीजमधून काढलेला, थंडगार हवा. एकाच दिशेने चार-पाच मिनिटे मळा. सुरुवातीला दाणे सुटे दिसतात, मग रंग फिकट होतो, बोटांना तंतू चिकटू लागतात आणि शेवटी सगळा खिमा भांड्याच्या कडा सोडून एक गोळा होऊन फिरतो. तो टप्पा आला की थांबा. कांदा, पात, आले, मिरची हे सगळे त्यानंतर. आधी घातले तर पाणी सुटते आणि चिकटपणा येत नाही. गोव्याच्या उकाड्यात हातही गरम असतात, तेव्हा मळण्याआधी बर्फाच्या पाण्यात बुडवून घेतले तर फरक कळतो.

बांधणी मिठावर सोपवली की ओलावा धरायला काय घालायचे, एवढेच उरते. बदामाचे पीठ सगळीकडे सुचवतात. पन्नास ग्रॅमला तंतू (फायबर) वजा जाता पाचेक ग्रॅम कर्बोदके, म्हणजे हिशेबात बसते. पण गोळा भुसभुशीत होतो, आणि सोया सॉस, आल्याच्या चवीत बदामाचा गोडसरपणा मला खटकतो. इसबगोल स्वस्त, औषधाच्या दुकानात मिळते आणि जवळजवळ सगळे तंतूच. अर्ध्या किलोला चहाचा एक चमचा पुरे. दोन घातले की गोळा बुळबुळीत झालाच म्हणून समजा. सुके खोबरे बारीक करून घालता येते, ते पाणीही शोषते, मात्र चव लगेच कोकणी वळणावर जाते. ती हवी असेल तर जरूर घाला.

मला पटलेला पर्याय टोफूचा, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचा. शंभर ग्रॅम घट्ट टोफू फडक्यात पिळून, कुस्करून मळलेल्या खिम्यात घातला की गोळा ब्रेडक्रम्सइतका मऊ राहतो आणि कर्बोदके दोन-तीन ग्रॅमच वाढतात. जपानी घरांतही खिम्यात टोफू घालतात. टोफू मिळाला नाही तर एका अंड्याचा पांढरा भाग आणि तो एक चमचा इसबगोल. चिनी गोळ्यांत करकरीतपणासाठी वॉटर चेस्टनट नावाचा कंद घालतात, पण त्यात कर्बोदके बरीच. त्याऐवजी नवलकोल किंवा कोबीचा कडक दांडा बारीक चिरून घाला.

शिजवायला एअर फ्रायर, तवा की वाफ? चवीसाठी तवा: थोड्या तेलात दोन्हीकडून लालसर करून झाकण ठेवा. मऊपणासाठी वाफ, आणि त्यासाठी वेगळे काही विकत आणायला नको. चतुर्थीला निघणारे मोदकपात्र चालते. तळाला कोबीची पाने घाला, म्हणजे गोळे चिकटत नाहीत आणि पानेही खाता येतात. हळदीच्या पानांचा मोह होईल, पण त्यांचा वास सोया सॉसशी जुळत नाही. ती पातोळ्यांनाच शोभतात. लिंबाएवढ्या गोळ्यांना 12 ते 15 मिनिटे पुरतात. एक फोडून पाहा, मध्ये चिकन किंवा पोर्क गुलाबी दिसता कामा नये. थर्मामीटर असेल तर चिकनला 74 अंश, पोर्कच्या खिम्याला 71. एअर फ्रायरमध्ये तेल कमी लागते खरे, पण पीठ नसलेले गोळे बाहेरून लवकर सुकतात. पोर्कला चालेल, चिकनला मी सुचवणार नाही.

सॉसमध्ये निवड सोपी, कारण बाटल्यांतले बरेचसे बाद होतात. होईसिन (दाट, गोडसर चिनी सॉस) आणि गोड चिली सॉस म्हणजे साखरच. गडद सोया सॉसच्या बाटलीवरची बारीक अक्षरे वाचा, त्यातही साखर किंवा कॅरमेल असते. साध्या सोया सॉसच्या मोठ्या चमच्यात जेमतेम ग्रॅमभर कर्बोदके. मीठ मात्र भरपूर, तेव्हा रक्तदाब असणाऱ्यांनी खिम्यातले मीठ त्या हिशेबाने कमी करावे. गाड्यावरच्या मंचुरियनची जी चव आपल्याला ओढते ती आले, लसूण, मिरची, सोया सॉस आणि आंबटपणाची असते. कॉर्नफ्लोअर फक्त रस्सा दाट करते, आणि ते काम आटवूनही होते. तांदळाच्या विनेगरऐवजी आपला माडाचा विनेगर घाला. फिलिपाईन्समध्येही माडाच्या सुरेचा विनेगर रोजच्या स्वयंपाकात असतो, त्यामुळे ही तडजोड नव्हे. तिळाचे तेल मात्र आपल्याकडचे कच्च्या तिळाचे, त्याला तो भाजका वास नसतो. मूठभर तीळ खमंग भाजून कुटून वर घातले तर बरेच काम होते.

दाट सॉस हवाच असेल तर आग्नेय आशियाकडे वळा: नारळाचा जाड रस, भाजक्या शेंगदाण्यांचे कूट, लाल मिरच्या, लसूण, शेवटी लिंबू. साखर किंवा गूळ नको. मंद आचेवर ठेवा, नाहीतर रस फुटतो. नारळ घरात असतोच, त्यामुळे गोव्यात हा सॉस मला सगळ्यात सोयीचा वाटतो.

वाटीभर भात घेतला तर 40 ग्रॅमच्या आसपास कर्बोदके ताटात आली आणि सगळी मेहनत वाया गेली. कोबीच्या किंवा लेट्यूसच्या पानात गोळा, काकडीचे तुकडे आणि कोथिंबीर गुंडाळून खा. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात-पाव एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोला, साखर खाली जाऊ शकते.

पहिल्यांदाच करत असाल तर चिकनची मांडी, थोडी सुंगटे, टोफू आणि मोदकपात्र घ्या. मे महिन्यात सुंगटे भरपूर मिळाली तर कच्चे गोळे ताटात पसरून फ्रीझरमध्ये कडक करा, मग डब्यात भरा, म्हणजे बंदीतही खाता येतील. मात्र सुंगटे तेव्हा ताजी हवीत. बर्फातली एकदा वितळलेली सुंगटे पुन्हा कच्ची गोठवू नका.