नाक धुण्याची बाटली : सहा महिन्यांच्या वापरानंतर

सायनसचा दाह १२ आठवड्यांहून अधिक काळ टिकला की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. माझा चार वर्षांचा होता. नाक कायम चोंदलेले, घशात स्राव उतरत राहिलेला आणि फोडणीचा वासही येईनासा झालेला, अशा अवस्थेत कान-नाक-घसा तज्ज्ञांनी स्टिरॉइडच्या फवाऱ्याबरोबर २४० मिलिलिटरची, पिळून नाक धुण्याची बाटली लिहून दिली. औषधांच्या दुकानात ती मीठ आणि खाण्याच्या सोड्याच्या पुड्यांसह मिळते.

मिठाच्या पाण्याचा छोटा फवारा मी आधी वर्षभर वापरला होता, त्यामुळे या बाटलीने वेगळे काय होणार, अशी शंका होती. फरक पाण्याच्या प्रमाणात आहे. फवाऱ्याने नाकाचा आतला पडदा जेमतेम ओला होतो. बाटलीतले पाणी एका नाकपुडीतून शिरून दुसरीतून बाहेर पडताना घट्ट स्राव आणि खपल्या सोबत नेते. मिशिगन विद्यापीठाने १२७ प्रौढांवर केलेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ आठवड्यांनंतर भरपूर पाण्याने नाक धुणाऱ्यांची लक्षणे फवारा वापरणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाली होती. इंग्लंडमधील ८७१ रुग्णांच्या २०१६ सालच्या अभ्यासाने मात्र अपेक्षांना आवर घातला: नाक धुण्याचा उपयोग झाला, पण आधीच्या संशोधनावरून वाटला होता त्यापेक्षा कमी. आपल्याकडे घरोघरी घेतल्या जाणाऱ्या वाफाऱ्याने त्याच अभ्यासात डोकेदुखी तेवढी घटली, सायनसच्या एकूण तक्रारींत फरक पडला नाही. मला हे वाचून वाईट वाटले, कारण आईने मायेने दिलेल्या वाफाऱ्यावरच माझी सगळी भिस्त होती.

माझ्या बाबतीत तिसऱ्या आठवड्यापासून सकाळचा चोंदलेपणा स्पष्टपणे कमी झाला आणि वास दोन महिन्यांनी थोडाथोडा परतला. त्यात स्टिरॉइडच्या फवाऱ्याचा वाटा किती आणि बाटलीचा किती, हे वेगळे सांगता येणार नाही. शस्त्रक्रिया न झालेल्या नाकात हे पाणी सायनसच्या पोकळ्यांपर्यंत फारसे पोहोचत नाही, म्हणून ही बाटली औषधाची जागा घेत नाही. नाकात पॉलिप, म्हणजे आतल्या पडद्यावर वाढलेली मऊ गाठ, असल्यास तर तज्ज्ञांकडे जाणे टाळूच नये.

वस्तूत दोष आहेत. माझ्या बाटलीसोबतच्या सूचना बारीक इंग्रजीत आहेत, आणि त्यातली सर्वांत महत्त्वाची सूचना, म्हणजे नळाचे पाणी तसेच वापरू नये ही, खोक्यावर ठळक हवी होती. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ साली नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोघांचा नाकावाटे मेंदूत शिरलेल्या अमीबामुळे मृत्यू झाला. तेच पाणी प्यायल्याने हा संसर्ग होत नाही. मी रात्री पाणी खळखळून उकळून झाकून ठेवते आणि सकाळी कोमट करून घेते. बेसिनवर वाकून, तोंड उघडे ठेवून, तोंडानेच श्वास घेत बाटली हलकेच दाबावी. जोर केल्यास कानात दडे बसतात. धुतल्यानंतर अर्ध्या तासाने खाली वाकताच नाकातून उरलेले पाणी अचानक ओघळते, त्यामुळे बाहेर पडण्याच्या घाईत हा उद्योग करू नये. बाटली रोज धुऊन पूर्ण वाळवावी लागते. मी दर तीन महिन्यांनी नवी घेते.